सदतीस नंबरचा विकेटकीपर

सांगलीच्या मार्केट यार्डात माझा कॉलेजपासूनचा एक मित्र हळदीची अडत चालवायचा. लोक त्याला संशयी म्हणत. मला ते कधी पटलं नाही. संशयी माणसाच्या कपाळाला कायमची आठी असते आणि हा तर सदा हसतमुख. पोत्याच्या तोंडाशी रचलेल्या हळदीचं तो तोंडभर कौतुक करायचा, आणि ते चालू असतानाच कोपरापर्यंत हात आत घालून बुडातलं एक हळकुंड बाहेर काढायचा. कट्‌कन मोडून आतला रंग बघायचा आणि मग कौतुक पुढे चालू. "वरचं कोण बी लावतंय गड्या," तो मला म्हणायचा, "पोतं बुडात खरं बोलतं."

मी साताऱ्याला मास्तर होतो. आमच्या व्यवसायात पोत्याच्या तोंडावरच प्रमाणपत्र चिकटवून देतात, त्यामुळे मला या माणसाचा हेवा वाटायचा.

त्याचे वडील, म्हणजे अण्णा, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत होते. तिथल्या इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या इंग्रज सार्जंटाने त्यांना सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रं दिली. एकूण पन्नास, प्रत्येकावर नंबर आणि मागे बारीक इंग्रजीत त्या खेळाडूची माहिती. अण्णांनी आयुष्यात ना सिगारेट ओढली, ना बॅट धरली. पण इंग्रजी ते या चित्रांच्या पाठीवरच शिकले. त्यामुळे त्यांचं इंग्रजी पन्नास खेळाडूंपुरतं अचूक होतं.

चित्रं चहाच्या डब्यात असायची. त्यातलं सदतीस नंबरचं, एका विकेटकीपरचं, गायब होतं. लहानपणी माझ्या मित्राने ते मांज्याच्या रिळाच्या बदल्यात कुणाला तरी देऊन टाकलं होतं. अण्णा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी तेवढ्याच मापाचा कोरा पुठ्ठा कापला, त्यावर ३७ लिहिलं आणि छत्तीस-अडतिसाच्या मध्ये ठेवून दिला. मित्र म्हणायचा, चार मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अण्णांची नजर जात चालली. एक डोळा पूर्वीच गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं, पण खात्री देत नाही असं स्वच्छ सांगितलं. अण्णा उन्हात बसून भिंगाने एकेक चित्र वाचायचे, निरोप घेतल्यासारखे. मित्राच्या मनाने घेतलं की ऑपरेशनच्या आत सदतीस नंबर आणायचाच.

आणि नेमकी एका क्रीडा मासिकात जाहिरात दिसली. कानपूरचा एक विक्रेता जुनी क्रिकेटची चित्रं टपालाने विकत होता. तज्ज्ञांनी तपासलेली, दहापैकी गुण दिलेली, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद आणि प्रमाणपत्रासह. मित्राने विचारणा केली. उत्तर आलं, सदतीस नंबर आहे, अत्यंत दुर्मिळ, गुण नऊ. सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स. तिच्यावर बॅट धरलेला सिंह, खाली दोन डहाळ्या, त्याखाली आंतरराष्ट्रीय असं काहीतरी मंडळ आणि त्या मंडळाच्या अध्यक्षांची सही. सही इतकी लफ्फेदार होती की अध्यक्षांना दुसरं काही काम नसावं.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. विकणाऱ्या दुकानाचा आणि गुण देणाऱ्या मंडळाचा पत्ता एकच होता.

"म्हंजे ज्याची हळद त्योच प्रत ठरवणार," मित्र म्हणाला. त्याने पुन्हा पत्र टाकलं, की प्लॅस्टिक काढून मागची बाजू दाखवता का? उत्तर आलं, सील फोडल्यास प्रमाणपत्र रद्द होईल. हे वाचून तो खुर्चीतच डोलायला लागला. "पोत्याचं तोंड सोडलं की हळदीची प्रत जाती म्हणतोय रं! असलं पोतं आमच्या यार्डात आणलं तर हमाल बी हसतील."

हसला खरा, पण पत्र त्याने फाडलं नाही. खिशातच ठेवलं. व्ही.पी.ने मागवायचं तर आधी पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि मग पाकीट फोडायचं. आधी दक्षिणा, मग दर्शन. आणि ऑपरेशन जवळ येत होतं.

त्याची सासुरवाडी विट्याची. विट्याचे लोक सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेले. जिथे सराफकट्टा आहे तिथे एखादा विटेकर भट्टी पेटवून बसलेला सापडायचाच. मित्राचा एक चुलत मेहुणा कानपुरातच निघाला. रविवारी फोनचा दर कमी असायचा, म्हणून आम्ही एसटीडी बूथमध्ये शिरलो. मेहुण्याचा आवाज असा होता की फोन नसता तरी चाललं असतं.

"आवं दाजी, तुमी हळदीचं बोला. चित्रांचं काय काढलंय?"

"जाऊन ये तेवढा. दुकान हाय का नुसती पाटी हाय, बघ. आन चित्र भायेर काढून हातात घे. प्लॅस्टिकवर बोट फिरवून येऊ नगंस."

"आमी सोनं गाळतो, दाजी. आमाला शिकवताय व्हय?"

पुढच्या रविवारी पुन्हा बूथ.

"दाजी, तुमचं आंतरराष्ट्रीय मंडळ जिन्याखाली हाय. लग्नपत्रिकांचा छापखाना हाय त्यो."

"चित्र बघितलंस?"

"कुठलं पायजे म्हणाला. मी म्हटलं, सदतीस. तर विचारतोय, किती पायजेत?"

मित्राने डोळे मिटले. दुर्मिळ वस्तूची चौकशी इतक्या थोडक्यात आटोपलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही.

"मग काय केलंस?"

"काय करणार? पत्रिकेचा दर विचारला. थोरलीचं लगीन काढलंय न्हवं? काम लय झ्याक हाय त्याचं. तितंच टाकल्या छापायला."

"चोराकडं?"

"आवं, नवरी खरी, नवरदेव खरा, मुहूर्त खरा. त्यात त्यो काय खोटं घालणार?"

बूथमधून बाहेर पडल्यावर मित्राने खिशातलं पत्र चाचपलं. मग म्हणाला, "तरी मागवावं का रं? अण्णांना कुठं कळणार हाय? नजर ही अशी. खूश हुतील."

मास्तर असूनही गप्प बसावं असे प्रसंग असतात.

यार्डाच्या फाटकापाशी तो थांबला. "दुसऱ्याच्या बापाला आमी रंगवलेली हळद इकत न्हाई," तो म्हणाला, "आन सोताच्या बापाला..." वाक्य त्याने तसंच सोडलं आणि खिशातलं पत्र काढून फाडलं. मला वाटतं, हळकुंड मोडणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या इच्छेत कोपरापर्यंत हात घालून बुडातलं काढणारा मी हा एकच पाहिला.

घरी जाऊन त्याने अण्णांना सगळं सांगितलं, मांज्यापासून कानपूरपर्यंत. गोष्ट लग्नपत्रिकेपाशी आल्यावर अण्णा इतके हसले की भिंग खाली ठेवावं लागलं.

"मांज्याचं मला तवाच ठावं हुतं," ते म्हणाले. "पतंग तरी नीट उडला का?"

"न्हाई. पहिल्याच दिवशी कटला."

"मग बरोबर झालं." त्यांनी डबा उघडून तो कोरा पुठ्ठा माझ्या हातात दिला. "मास्तर, घ्या लिहून. मागचं मला पाठ हाय."

आणि आढ्याकडे बघत, कवायतीच्या आवाजात त्यांनी सदतीस नंबरची पाठ इंग्रजीत म्हणून दाखवली. कुठल्या परगण्याकडून खेळला, हात कसे भक्कम, फलंदाजी कशी बेताची, आणि फावल्या वेळात कबुतरं पाळतो. मी जमेल तेवढ्या मोठ्या अक्षरात उतरवून घेतलं.

"झालं?" अण्णांनी विचारलं. "आता खाली लिहा, नक्कल. मूळ हरवलं."

"असू द्या की अण्णा," मी म्हणालो. "घरातच तर राहणार."

"घरातच राहतंय म्हणूनच लिहा."

मी लिहिलं. त्या काळात मी बरीच प्रमाणपत्रं पाहिली, काहींवर माझीही सही होती. मालाबद्दल इतकं सरळ बोलणारं त्यांत दुसरं नव्हतं.

ऑपरेशननंतर पट्टी सुटली त्या दिवशी मी मिरजेला होतो. डॉक्टरांनी बोटं दाखवली, अण्णांनी ती बरोबर सांगितली, तरी मित्राचं समाधान होईना. वरवरची परीक्षा त्याला कधीच पुरली नाही. त्याने खिशातून पुठ्ठा काढला आणि मागची बाजू पुढे करून अण्णांच्या डोळ्यांसमोर धरला.

अण्णांनी तो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. ओठ हलत होते, पण पाठ असलेल्या मजकुरासाठी डोळे कशाला लागतात? मित्र खाटेची कड घट्ट धरून उभा होता.

"यात कबुतरांच्या स्पेलिंगात एक अक्षर कमी हाय," अण्णा म्हणाले. "मास्तरांना सांग, दुरुस्त करा."

मित्राने पुठ्ठा हिसकावून घेतला आणि स्वतः तपासला. अक्षर खरंच कमी होतं. तो मटकन स्टुलावर बसला आणि एवढा मोठा अडत्या, वॉर्डातल्या सगळ्यांदेखत हमसून रडला.

मी पेन काढलं.