पांढरं येतंय

टाकीदादाचा डावा कान गेला तो हवेच्या पंपांनी. बावीस वर्षं माणूस दोन पंपांच्या मधे उभा राहिला, दुसरं काय होणार? उजवा कान बरा होता. म्हणजे बरा आहे असं तो म्हणायचा आणि आम्ही माना डोलवायचो.

आमचा कारखाना मासळी कापून, गोठवून बाहेर धाडतो. मासळी धुतलेलं पाणी कुठं जातं हे विचारायला मात्र कुणी येत नाही. रक्त, खवले, चरबी, आतड्यांचे तुकडे, सगळं टाकीदादाकडे जायचं. तो आधी जाळीवर खवले अडवायचा, मग वर आलेली चरबी ओढून काढायचा. उरलेलं पाणी मोठ्या टाकीत. तिथं पंप सारखी हवा सोडतात आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू घाण खाऊन टाकतात. त्यांना दादा ‘पोरं’ म्हणायचा. पोरांना आज चरबी बाधली, पोरं आज मजेत आहेत. रोज सकाळी काचेच्या उभ्या भांड्यात टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास त्याच्यासमोर बसायचा. तपकिरी गाळ नीट खाली बसला, वास ओल्या मातीचा आला, की मगच चहा प्यायचा. त्याला स्वतःचं मूल नव्हतं, पण ते इथं जोडून मी कुणाला रडवणार नाही. माणूस हसरा होता.

मी कापणी विभागाची सुपरवायझर. माझा त्याच्याशी संबंध एका हाकेपुरता. आठवड्यातून दोनदा आम्ही फरशी क्लोरीनच्या पांढुरक्या पाण्यानं धुतो. ते पाणी टाकीत गेलं तर पोरं मरतात. म्हणून नळ सोडायच्या आधी मी खिडकीतून ओरडायचं, “पांढरं येतंय!” दादा हात वर करायचा, झडप फिरवायचा, की ते पाणी बाजूच्या हौदात वळायचं. फोन होता, पण पंपांच्या आवाजात त्याची घंटी कुणाला ऐकू येते? माझा आवाज जायचा. आमच्या घरात म्हणतात, हिच्या पोटात भोंगा आहे.

त्या दिवशी माल घेणारे पाहुणे बघायला आले होते. फरशी लखलखीत हवी असं साहेबांनी बजावलेलं, म्हणून मी क्लोरीन दुप्पट घातलं. खिडकीपाशी गेले आणि मला लाज वाटली. खरंच सांगते, लाज. एवढे टापटिपीचे पाहुणे शेजारी उभे, आणि त्यांच्यासमोर बाजारात ओरडतात तसं काय ओरडायचं? म्हटलं, आधी यांना पुढं काढून देते, मग हाक मारते. तेवढ्यात बायकांनी नळ सोडला. पाहुण्यांनी गोठवणीचं काहीतरी विचारलं, मी उत्तर देत बसले, आणि हाक राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी टाकीवर पांढरा फेस चढला. तिसऱ्या दिवशी वास इतका सुटला की पहारेकरी फाटक सोडून लांब जाऊन बसला. टाकीतलं पाणी सोडतात त्या मागच्या ओढ्यात बारकी मासळी पोट वर करून तरंगायला लागली. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

“पांढरं सोडताना सांगितलं होतंस का?” त्यांनी मला विचारलं.

“ओरडले होते की,” मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दादानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतोय, खोटं बोलते ही. तो म्हणाला, “ओरडली असेल, साहेब. मलाच ऐकू आलं नसेल. हल्ली कमीच येतं.”

त्यानं हात वर केला होता का, हे साहेबांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी आणखी एक खोटं बोलले असते, एवढं मला माझं माहीत आहे.

बहिरा माणूस टाकीवर धोक्याचा, असं म्हणून आठ दिवसांत त्याला घरी बसवलं. जाता जाता त्यानं नव्या माणसाला भांड्यातला गाळ कसा बघायचा ते शिकवलं. दुसऱ्या कारखान्यातून जिवंत गाळ आणून टाकी पुन्हा चालू झाली. मी मूग गिळून बसले. नवा माणूस माझ्या पहिल्या हाकेला हात वर करतो, आणि तो हात दिसला की दर वेळी मी खिडकीतून मागं सरते.

पाच आठवड्यांनी त्याच्या घरी गेले. दार वहिनींनी उघडलं. “बरं झालं आलात,” त्या हळूच म्हणाल्या. “हे रस्तासुद्धा एकट्यानं ओलांडत नाहीत आता. दूध उतू गेलं का म्हणून तीनतीनदा विचारतात. ह्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडालाय.”

दादा खिडकीत बसला होता. उजव्या कानात नवं यंत्र. मला बघून उठला आणि म्हणाला, “ताई, तुझी माफी मागायची राहिली होती. तू जीव तोडून ओरडलीस आणि माझ्यामुळं तुला साहेबांसमोर उभं राहावं लागलं.”

आता मात्र मला राहवेना. मी खाली मान घालून म्हटलं, “दादा, मी ओरडलेच नव्हते.”

“काय?”

“मी ओरडले नव्हते.”

त्यानं कानातलं यंत्र काढून चाचपलं. “बॅटरी गेली बघ. मोठ्यानं बोल.”

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. शेजारच्या खिडकीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. हळू बोलून भागणार नव्हतं. मी पोटातून आवाज काढला. “त्या दिवशी मी ओरडले नव्हते, दादा! मला पाहुण्यांची लाज वाटली! तुझ्या कानाची चूक नव्हती! मी खोटं बोलले! उद्या सकाळी साहेबांनाही हेच सांगणार आहे!”

शेजारची बाई ओला कपडा हातात धरून बघत राहिली. वहिनींनी कप खाली ठेवले ते पुन्हा उचलले नाहीत.

दादानं हातातलं यंत्र खिडकीत ठेवलं. मग म्हणाला, “एवढ्या मोठ्यानं तेव्हा ओरडली असतीस, तर पोरं वाचली असती गं.”