नाव कोणाचं, नाव कोणाची

त्या वेबसाइटचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. आमचं ऑफिस सुकापूरला, हार्डवेअरच्या दुकानावर. मोरा बंदरातल्या मच्छीमारांच्या एका सोसायटीसाठी आम्ही ती चालवायचो. होडी निघाली की धक्क्यावरचा माणूस नोंद करायचा, परतली की पुन्हा. घरच्यांनी मोबाईलवर आपल्या होडीचं पान उघडायचं. तिथे लाल अक्षरांत ‘समुद्रात’ नाहीतर हिरव्या अक्षरांत ‘परत आली’. एवढंसं काम, तेही आम्हाला धड जमलं नाही.

एका सकाळी एका बाईचा फोन आला. ‘‘आमची नाव आली नाय गो. मालक तिच्यावरच हायेत. तुमचं पान मात्र आली म्हनतंय.’’

वारा सुटला होता, बाकीच्या होड्या परतल्या होत्या. सोसायटीचा माणूस ते हिरवं ‘परत आली’ बाईच्या तोंडासमोर धरत होता आणि शोधायला होडी पाठवत नव्हता. तिचा नवरा पाण्यात, आणि हे महाशय हिरव्या अक्षरांवर अडून बसलेले.

मी म्हटलं, ‘‘नाव सांगा.’’

‘‘मानसाचं का होडीचं?’’

‘‘दोन्ही सांगा,’’ मी वैतागून म्हटलं.

आमच्या ऑफिसच्या सरांना सांगितलं, तर ते लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, ‘‘या बायकांना मोबाईल कळत नाही. रिफ्रेश करायला सांग आणि तक्रार बंद कर.’’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा मुलगा क्लासवरून अर्धा तास उशिरा आला की हेच सर सगळं ऑफिस डोक्यावर घेतात.

तक्रार बंद केली नाही, कोड उघडला. डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. सगळ्या क्वेरी दिसायला चोख होत्या. मग प्रत्येक ओळीनंतर व्हेरिएबलच्या, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्याच्या, पोटात काय आहे ते स्क्रीनवर छापून बघायला लागले. वरच्या ओळीत nav नावाचा व्हेरिएबल, आत होडीचा नंबर. बरोबर. बरंच खाली आल्यावर पुन्हा तोच nav छापला, तर आत बाईच्या नवऱ्याचं नाव.

कप्पाळ! आमच्यातल्या एका शहाण्याने nav लिहिलं ते होडी म्हणून. दुसऱ्या शहाण्याला पानावर मालकाचं नाव दाखवायचं होतं, त्याने तेही nav मध्येच कोंबलं. हळदीच्या डब्यात तिखट ओतून झाकण लावून निघून गेला. पुढची क्वेरी विचारत होती, nav परत आली का? त्याच नावाचा दुसरा एक मालक पहाटे आपल्या होडीतून सुखरूप परतला होता. डेटाबेस म्हणाला, आली.

आणि आम्ही टेस्टिंग करायचो ते कायम एकाच होडीवर, एकाच मालकावर. मग सापडणार काय, डोंबल?

मालकाच्या नावासाठी वेगळा व्हेरिएबल केला. हिरवं गेलं, ‘समुद्रात’ आलं. सरांना विचारायला गेलेच नाही. सोसायटीच्या माणसाला फोन लावला. ‘‘पान उघडा. वाचा. आणि होडी पाठवा.’’

‘‘अहो मॅडम, मघाशी तर...’’

‘‘मघाशी खोटं होतं. पाठवा.’’

दुपारी बाईचा फोन आला. इंजिन बंद पडून नाव वाहत चालली होती, तिला दोर लावून ओढत आणलं. सगळे जिवंत होते. मी हुश्श केलं. बाई म्हणाली, ‘‘मी फोन केला नसता तर गो?’’

फोन ठेवला तेव्हा समोर सरांचा मेल आला होता, सोसायटीला लिहिलेला, ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवलेला. ‘वापरकर्त्याच्या गैरसमजातून आलेली तक्रार सोडवली आहे.’

मी त्याच सगळ्यांना उत्तर पाठवलं. ‘गैरसमज नव्हता. बाई खरं बोलत होत्या, आपलं पान खोटं बोलत होतं.’

सर केबिनमधून माझ्या नावाने हाका मारायला लागले. मारू देत.