बंधाऱ्याची गळती आणि सोमवारवाले

बंधाऱ्यामागे गाळ साचतो तसे आमच्याकडे किस्से साचलेत. फरक इतकाच, की गाळ काढायला निदान टेंडर निघतं. हा मीच उपसतेय.

आधी आम्ही कोण, ते सांगते. सरकारी कार्यालयात दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कुणीही जाऊन रेकॉर्ड बघू शकतं, असा नियम आहे. पुण्यात तो सगळ्यांना माहीत आहे, फक्त ज्यांनी पाळायचा ते सोडून. त्या दोन तासांत एका पाटबंधारे कार्यालयात ठाण मांडून बसणारे आम्ही चौघं. तिथला शिपाई आम्हाला ‘सोमवारवाले’ म्हणतो. आम्ही आलो की तो पंखा बंद करतो.

पहिले सर. राहणार कसबा पेठ. प्राणिशास्त्राचे रिटायर्ड प्राध्यापक. जन्मभर मासे शिकवले, तेही फॉर्मॅलिनच्या बाटलीतले. दुसऱ्या कुसुममावशी, याच कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये क्लार्क होत्या. तिसरे दत्तूमामा. हडपसरच्या पलीकडे शहरानं गिळलेल्या एका गावात नदीत जाळं टाकणारे शेवटचे. चौथी मी. कर्वेनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून तिसऱ्या वर्षाला बाहेर पडलेली. मला मराठी टायपिंग येतं आणि मी दुपारी झोपत नाही, या दोन गुणांवर माझी निवड झाली.

सर मला ‘अर्धी इंजिनिअर’ म्हणतात. मी म्हणते, पूर्ण इंजिनिअरांनी नदीचं काय केलं ते दिसतंय, अर्धीच बरी.

भानगड अशी होती. दत्तूमामांच्या गावाखाली एक जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या एका कडेला अरुंद पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे आणि तिच्यातून कायम पाणी वाहतं. नदी फुगली की मासे खालून वर चढतात, अंडी घालायला. चढणीचे मासे. ते या वाटेनं चढतात. यंदा बंधाऱ्याची दुरुस्ती निघाली आणि कार्यालयाच्या भाषेत ती वाट झाली ‘गळती’. गळती म्हटलं की काँक्रीट भरायचं, विषय संपला. वाट मूळ बांधकामातलीच आहे, हे दाखवणारा जुना नकाशा मिळाला तरच काम थांबणार होतं. नाही मिळाला तर मासे भिंतीच्या खाली आणि दत्तूमामा सोसायटीच्या गेटवर. त्यांच्या मुलानं वॉचमनची नोकरी बघूनच ठेवली होती. युनिफॉर्म घरी खुंटीला लटकत होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिट्टीसकट.

“घालून बघितला का?” मी एकदा विचारलं.

“अंगाला हुतोय,” मामा म्हणाले. “मनाला न्हाई.”

*

पहिला अर्ज सरांनी लिहिला, मी टाइप केला. माहितीच्या अर्जाचं एक असतं. माहिती दुसऱ्या खात्याकडे असेल तर अर्ज तिकडे पाठवायचा. चांगला नियम. आमच्याकडे चांगल्या नियमाचा उपयोग घरातली पाल शेजारच्या घरात हाकलायला करतात.

पाटबंधारेवाल्यांनी अर्जात ‘मासे’ वाचलं आणि अर्ज मासेवाल्या खात्याकडे पाठवला. त्यांनी ‘बंधारा’ वाचलं आणि तिसरीकडे पाठवला. तिसऱ्यांनी ‘नदीकाठ’ वाचलं आणि उद्यानवाल्यांकडे पाठवला. उद्यानवाल्यांनी मात्र प्रामाणिकपणे उत्तर दिलं. “आमच्याकडील मासे कारंज्यात असून ते स्थलांतर करीत नाहीत.” आणि अर्ज परत पाठवला, थेट पाटबंधारेवाल्यांच्या टेबलावर.

मी जाम भडकले होते. दत्तूमामा शांतपणे तंबाखू मळत होते. “चढणीचा हाय अर्ज,” ते म्हणाले. “जिथं जल्मला तिथंच परतला.”

सरांना राहवलं नाही. “सगळ्याच जातींत तसं नसतं हो.”

“अर्जाच्या जातीत असतंय.”

*

मग अपील. सुनावणीला वरचे अधिकारी होते आणि त्यांच्या शेजारी आमच्या कार्यालयाचे साहेब. हे साहेब तरुण, उपअभियंता, नुकतेच विदर्भातून बदलून आलेले. पुण्यात राहून त्यांनी बोलणं पुणेरी केलं होतं, पण टेन्शन आलं की वाक्याच्या शेवटी ‘जी’ निसटायचं.

सरांना विचारलं, आपली मागणी काय. ‘नकाशा’ हे एका शब्दाचं उत्तर होतं. सरांनी वाम माशापासून सुरुवात केली. वाम समुद्रात जन्मते. मग काचेसारखी पारदर्शक पिल्लं नदीच्या मुखाशी येतात. मग ती वर निघतात. सर उभे राहिले. हातानं फळ्यावर काढल्यासारखं हवेत काढायला लागले.

अधिकाऱ्यांनी बराच वेळ ऐकलं. मग चष्मा काढून म्हणाले, “सर, ती पुण्यात पोचेपर्यंत आपलं संपेल का?”

बाहेर आल्यावर मी सरांना झापलं. म्हटलं, तुमच्या पिढीला व्याख्यान दिलं की काम झालं असं वाटतं. नदी डोळ्यांदेखत मेली तेव्हा तुम्ही वर्गात होतात. एकदा तरी पोरांना घेऊन बंधाऱ्यावर गेलात?

 सर म्हणाले, “नाही गेलो.” आणखी चार पावलं चालून, “पण मागच्या बाकावर बसून तू नोट्स घेत होतीस. कॉलेजात घ्यायचीस का?”

*

अपिलात आम्ही जिंकलो. आदेश झाला, फाइल दाखवा. सोमवारी गेलो तर साहेब म्हणाले, “फाइल रेकॉर्ड रूमच्या पोटमाळ्यावर आहे. शिडी विद्युत शाखेकडे असते.”

विद्युत शाखेचा माणूस रजेवर. पुढच्या सोमवारी माणूस आला, तर शिडी कुठल्या तरी उद्घाटनाचा बॅनर बांधायला गेलेली.

सर म्हणाले, “आपली शिडी नेऊ.”

कसब्यातल्या एका रंगाऱ्याकडून लाकडी शिडी घेतली. रिक्षावाल्यांनी शिडी बघून मान फिरवली. शिडी नसतानाही ते फिरवतातच. मग चालत निघालो. पुढचं टोक सरांच्या खांद्यावर, मागचं माझ्या. गल्लीत कोपरा आला की सर वळायचे आणि मी भिंतीवर आपटायचे. वरून कुणीतरी काकू ओरडल्या, “सर, घराचं रंगकाम काढलंय का?”

“नाही, माहिती काढतोय.”

काकूंना वाटलं हा रंगाचाच काहीतरी प्रकार असेल. “पावसाच्या आत उरका,” म्हणाल्या. सल्ला मात्र बरोबर होता.

कार्यालयाच्या गेटवर सिक्युरिटीनं अडवलं. “शिडी आत न्यायला परवानगी लागेल.”

“कोण देतं?” सरांनी विचारलं.

“साहेब.”

“ते कुठे आहेत?”

“वर.”

सरांनी वर बघितलं. पहिल्या मजल्याची खिडकी उघडीच होती. “मग इथूनच लावू का?”

आम्हाला आत सोडलं.

*

पोटमाळ्यावर मी चढले. कुसुममावशी खाली उभ्या राहून डायरेक्शन देत होत्या. “डावीकडे जा. दुसरा रॅक. टेलिफोन बिलांच्या मागे बघ, लाल फडकं असेल.” आवाजात असा आत्मविश्वास, की डोळे मिटून सांगतायत.

लाल फडकं निघालं. त्यात कुणाच्या तरी रजेचे अर्ज.

“मग उजवीकडे असेल.”

उजवीकडे निवडणुकीच्या ड्युट्या आणि मेलेलं कबूतर. मी वरून धुळीनं पांढरी झालेली, शिंका देतेय आणि खालून चालूच, “अगं नीट बघ, मी स्वतः ठेवलीय.”

“मावशी, तुम्ही लोकांना सापडू नयेत म्हणूनच फायली ठेवायचात ना? मग झालात यशस्वी!”

हे जरा जास्तच झालं.  तरी मावशींनी शिडीला धरलेला हात सोडला नाही.

तेवढ्यात पाणी प्यायला गेलेले दत्तूमामा कूलरपाशी वाकून बसलेले दिसले. कूलर गळायचा, म्हणून एका पायाखाली टेकू दिला होता. जाड, चौकोनी, फीत बांधलेला टेकू.

“पोरी,” मामा म्हणाले, “हे बघ. हिनं तरी गळती थांबवलीय.”

आमचीच फाइल होती. शिडी घेऊन आम्ही शहर ओलांडलं आणि फाइल जमिनीवर.

साहेबांचं तोंड उतरलं. त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून कूलर उचलला, फाइल काढली, रुमालानं पुसली, पंख्याखाली एकेक पान सुटं केलं. ‘बंधाऱ्याचा नकाशा : सोबतचे जोडपत्र पाहावे.’ पान उलटलं. जोडपत्र नव्हतं. फक्त टाचणीचा गंज.

मी म्हटलं, “छान. आता टाचणीची पाहणी करू.”

“मुख्य कार्यालयात प्रत असेल जी,” साहेब म्हणाले. “मी आजच पत्र पाठवतो.”

पाठवलं त्यांनी. उत्तर आलं नाही. आता साहेबही अर्जदार झाले होते. कुसुममावशींनी त्यांना डब्यातली अर्धी पोळी दिली. म्हणाल्या, “जेवून घ्या. आता वेळ लागणार.”

*

आणि मग साहेबांचा फोन आला. “ठेकेदार शनिवारी काँक्रीट भरायला येतोय. वरून आदेश आहे. नकाशा हातात नसताना मी थांबवू शकत नाही.”

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. लिहिण्यासारखं एवढंच, की तुमच्यासारखी माणसं बघूनच मी तीन वर्षांत कॉलेज सोडलं.

“तुमची तीनच गेली,” ते म्हणाले. “माझी पुष्कळ जायची आहेत.”

मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, “रविवारी धरणातून पाणी सोडणार आहेत. जाहीर सूचना आहे, कुणालाही वाचता येते. ठेकेदाराची घाई त्यासाठीच चाललीय. नदी फुगल्यावर काँक्रीट भरता येत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत एवढं शिकवलं असेल तुम्हाला.”

मला वाटलं, टोमणा मारतोय. फोन आपटला. मग बाकीच्यांना सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं, म्हणजे त्यांनाही राग यावा. सर चिडले. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. दत्तूमामांनी फक्त विचारलं, “रविवारी म्हणला ना? नक्की?”

“नक्की.”

“बरं,” म्हणाले आणि उठून बस पकडायला गेले.

*

शनिवारी सकाळी सर आणि मी बंधाऱ्यावर पोचलो. सरांनी सत्याग्रहासाठी सतरंजी आणली होती. मी म्हटलं, तुम्ही ट्रकसमोर बसलात तर उठवायलाच दोन माणसं लागतील. “तोच तर मुद्दा आहे,” सर म्हणाले.

सतरंजी पसरायची वेळच आली नाही. नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून वॉचमन बसला होता. निळा युनिफॉर्म, टोपी, कापडावर पिशवीतल्या घड्या तशाच. जवळ गेल्यावर कळलं, दत्तूमामा.

ट्रक आला, मागे मिक्सर. मामांनी शिट्टी वाजवली.

“कुणाकडं?”

“बंधाऱ्याचं काम आहे,” ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

“ऑर्डर?”

“साहेब येतायत मागून.”

“मग येऊ द्या साहेबास्नी. तवर गाडी कडंला घ्या. गेटासमोर लावायची न्हाई.”

तिथे गेट नव्हतं. ट्रक कडेला गेला.

थोड्या वेळानं साहेबांची जीप आली. साहेब उतरले. त्यांनी टोपी बघितली, टोपीखालचा चेहरा बघितला, मग आम्हाला बघितलं. सर लगेच झाडावर एखादा पक्षी असल्यासारखे वर बघायला लागले. मी मान खाली घातली.

ठेकेदाराचा माणूस धावत आला. “साहेब, हा कोण बसवलाय? आत सोडत नाही.”

दत्तूमामा उठले. कडक सॅल्यूट ठोकला. 

“साहेब, काय काम काढलं?”

“बंधारा बघायचा होता,” साहेब म्हणाले.

“आज शनिवार हाय. बघायचं सोमवारी. तीन ते पाच.”

साहेबांनी नदीकडे बघितलं. मग ठेकेदाराच्या माणसाकडे वळले.

“नियम आहे जी,” म्हणाले आणि ड्रायव्हरला जीप वळवायला सांगितली.