सहा फूट एक इंच

दुपारचं जेवण उरकलंय. वर्कशॉपच्या कोपऱ्यात रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या सालींचा ढीग आहे. त्यावर पोतं टाकून मी आडवी झालेय. झोप काही येणार नाही. दोन हातांच्या अंतरावर सागाची फळी पडलीय आणि ती माझ्याच हातून एक इंच तोकडी कापली गेलीय.

साधीसुधी फळी असती तर मी इतकी कळवळले नसते. शाळेच्या आवारातला हा साग. वादळात तो पडला तेव्हा अख्खं गाव हळहळलं, कारण त्याच्या सावलीत डबा न खाल्लेला माणूस गावात नाही. त्यातून रुंद, बिनगाठीची अशी फळी एकच निघाली. शाळेच्या ओसरीत दोन दगडी खांब आहेत. गवंड्याने त्यांत खोबणी पाडून ठेवल्यात. त्यांत ही फळी बाक म्हणून बसवायची, परवा सकाळी. लांबी सहा फूट एक इंच. कमी पडली तर बाक खोबणीतून निसटणार.

शाळा समितीतले धोंडीराम देसाई म्हणाले होते, "बाईच्या हातात हा साग देऊ नका. दुसरा मिळायचा न्हाई." हेडमास्तरीण केसरकर बाईंनी त्यांना गप्प केलं आणि फळी माझ्याकडे पाठवली. आता परवा देसायांचं तोंड कसं फुलेल ते मला दिसतंय.

चूक मामांच्या टेपची नाही, माझी आहे. मामा म्हणजे माझे सासरे. नवरा बँकेत चिकटला, तेव्हा या माणसाने लोकांच्या नाकावर टिच्चून सुनेच्या हातात रंधा दिला. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. त्यांच्या टेपची पुढची कडी तुटलीय आणि पहिला इंचही गेलाय. म्हणून एकच्या खुणेपासून मोजायचं आणि शेवटी एक इंच वाढवून खूण करायची. बारा वर्षं करतेय मी हे. आज वाढवायला विसरले. नवा कोरा टेप खुंटीला लटकत होता, पण मला मामांचाच हवा होता ना!

डोळे मिटतात. कुठेतरी रंधा चालतोय, सर्र, सर्र. वर्कशॉपात तर मी एकटीच आहे.

मामा पाठमोरे उभे आहेत. अंगात बनियन, कानावर लाल पेन्सिल.

"मामा, तुम्ही गेलाय," मी म्हणते.

"मग? काम ऱ्हायलंय न्हवं?" ते वळतही नाहीत. "मेणबत्ती कुटं ठेवलीस? रंध्याच्या तळाला मेण न लावता ढकलत बसतीस, आन मग खांदं दुखत्यात म्हणून रडतीस."

"मी रडत नाही."

"डोळं बघ आरशात."

मी मेणबत्ती देते, पण त्यांच्या हातात पोचेपर्यंत तिची साबणाची वडी झालेली असते. "ह्यो स्क्रूला," ते चिडतात. "स्क्रूला साबण, रंध्याला मेण. किती येळा सांगू?" त्यांचा ओरडा खाऊन मला इतकं बरं वाटतं की मी पुन्हा मुद्दाम साबणच पुढे करते.

आम्ही शाळेच्या ओसरीत आहोत. समोर वर्ग भरलाय, पण मुलं नाहीत. मामांनी जन्मभरात केलेल्या वस्तू ओळीने बसल्यात: पाळणे, चौरंग, देव्हारे, एक तिपाई. धोंडीराम देसाई फळ्यावर खडूने 'एक इंच, एक इंच' लिहीत सुटलेत आणि सगळे पाळणे त्याची घोकंपट्टी करतायत.

"मामा, फळी तोकडी कापली," मी सांगून टाकते. लाजेने कान तापतात. "तुमचं नाव घालवलं मी."

"माज्याच टेपनं?"

"तुमच्याच."

मामा हसायला लागतात, पोट धरून. "मीबी कापली हुती गं. वेशीवरच्या देवळाच्या दरवाज्याची. लग्नाआदी."

"मग काय केलंत?"

"वाढवली."

"लाकूड कसं वाढेल मामा?"

"तुज्या आत्याबाईलाबी ठाव न्हाई ते. वडी आण."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचंच हे स्वयंपाकघर, फक्त ओट्याच्या दोन बाजूंना शाळेचे खांब उभे आहेत. ताटात ओल्या नारळाच्या वडीची लांब पट्टी आहे. मामा सुरी घेतात आणि पट्टी या कोपऱ्यापासून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी कापतात. मग एक तुकडा त्या तिरक्या कापावरूनच जरासा पुढे सरकवतात.

पट्टी लांब झाली! रुंदी किंचित घटली आणि टोकांना दोन बारीक सुळके बाहेर आले. मामा सुळके मोडून तोंडात टाकतात.

"लांबीला इंच मिळाला. रुंदीला किती गेलं?"

फळी सहा फूट लांब, फूटभर रुंद. मी बोटं मोजते. सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "सरकवण्यात दीड सूत, करवतीत एक. रंधा धरून तीन."

"बाक तीन सूत कमी झाला म्हणून कुणाचं बूड खाली पडतंय व्हय?"

मी खदखदून हसते. चौदा महिन्यांत अशी हसले नव्हते.

"चल, दोरी मारू," मामा उठतात.

सरळ रेघ आखायला आम्ही तांबडी काव लावलेली दोरी ताणून फळीवर सोडतो. पलीकडचं टोक मामा अंगठ्याने दाबून धरायचे. ते गेल्यापासून मी तिथे खिळा ठोकते. आता ते दोरी घेऊन चालत निघतात आणि फळी त्यांच्याबरोबर लांबत जाते. ते पार नदीपलीकडे पोचतात, पण आवाज माझ्या कानाशीच आहे.

"ताण."

"ताणली."

"सोड!"

दोरी फटकन बसते आणि मी जागी होते.

कौलांतून ऊन पडलंय. मी पोत्यावर नाही, फळीशी उकिडवी बसलेय. बोटं कावेने लाल आहेत. फळीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ आहे, केसासारखी बारीक, अगदी सरळ.

मी विचार करत बसत नाही. रेघेला धरून एक सरळ पट्टी शिकंज्यांनी फळीवर आवळते आणि तिच्या कडेने कटर मशीन चालवते. काप रंधून साफ करते, अर्धी फळी दुसऱ्या अर्धीच्या कडेने सरकवते, नवा टेप लावते.

सहा फूट एक इंच.

"आत्याबाई!" मी इतक्या जोरात ओरडते की त्या ओल्या हातांनी धावत येतात. "फळी वाढली! परवा देसायांना पहिलं बसवते की नाही बघा याच्यावर!"

त्या तिरक्या कापावरून बोट फिरवतात. "देवळाच्या दरवाज्याला अशीच सांध हाय," त्या म्हणतात. "ह्यांना वाटायचं मला ठाव न्हाई."

मी सरस ओतते, फळी जुळवते, शिकंजे आवळते. आत्याबाई पलीकडच्या कोपऱ्याशी वाकून काहीतरी शोधतायत.

"रेघ झ्याक मारलीस," त्या म्हणतात. "पर दोरीला खिळा कुटं ठोकला हुतास?"

मी तिथे जाऊन हात फिरवते. भोक नाही. टोकाच्या कडेला कावेने माखलेला एक अंगठा उमटलाय, माझ्या अंगठ्याच्या दीडपट.

परवा ते टोक खांबाच्या खोबणीत जाईल. तेवढ्या जागेवर मी रंधा फिरवणार नाही.