इंटरव्हल कुठं झाला?

बंगळूरची गाडी निपाणीच्या स्टँडवर लागली तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. आई वखारीतून थेट आली होती. दिवसभर तंबाखू चाळलेल्या बाईच्या अंगाला जो वास असतो, त्यानं शेजारच्या सीटवरच्या माणसाला शिंका यायला लागल्या. आईनं माझ्या पिशवीतली चटणीची बरणी तिसऱ्यांदा खाली-वर केली आणि म्हणाली, "कुनावर लगीच इस्वास ठेवू नगंस. गोड बोलनाऱ्यावर तर आजाबात न्हाय." धाकटी बहीण प्रज्ञा खिडकीचा गज धरून उभी होती. तिला माझ्या नोकरीची, खोलीची, कशाचीच काळजी नव्हती. "आक्का, नवीन भाग आला की माझ्याआधी बघायचा न्हाय. दोघींनी एकाच दिवशी बघायचा. शपथ घे." मी शपथ घेतली आणि गाडी सुटली.

भाग म्हणजे त्या अचाट शक्तीवाल्या लोकांच्या सिनेमाचा भाग. मालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की चाहते भांडायला येतात. मी आठवीत असल्यापासून ते सिनेमे येतायत आणि अजून संपायचं नाव नाही. एक उडणारा, एक आगीतून चालणारी, एक सगळ्यांच्या मनातलं ऐकणारा, अशी ती खोगीरभरती. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. दुसरी कसली चैन नव्हती. नवा भाग आला की मी आणि प्रज्ञा निपाणीच्या थिएटरात जायचो. बाहेरचं पोस्टर कन्नडमध्ये, आत हिरो हिंदीत बोलणार आणि आम्ही दोघी मराठीत त्याच्या चुका काढणार.

चुका काढणं हा माझा स्वभावच. ह्या मालिकेवर मी प्रेम केलं, पण तिच्यावर विश्वास कधी ठेवला नाही. माणूस मेला म्हणून आपण रडायचं आणि दोन भागांनी तो दाढी वाढवून परत हजर. मग आमच्या रडण्याचं काय? आमच्या घरी मेलेलं माणूस परत आलेलं नाही, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. एकदा आई बरोबर आली होती. पडद्यावर अख्खं शहर कोसळलं, हिरो उडून गेला, लोक टाळ्या पिटत होते. आई मला म्हणाली, "एवढी दगडं पाडली, आता उचलनार कोन? बायकाच लावल्या असत्याल कामाला." पुढच्या भागात ते शहर झाडून-पुसून लख्ख उभं होतं आणि कुणी उचललं ते शेवटपर्यंत दाखवलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक भागात त्या बायका शोधते.

सगळ्यात जास्त संशय मला हिरोच्या एका सवयीचा. तो घरच्यांना आपण कोण ते सांगत नाही. आई विचारते, "कुठं होतास?" तर म्हणतो, "मित्राकडे." पाठीवर जखम, तोंडावर हसू. का, तर त्यांच्या भल्यासाठी. प्रज्ञाच्या डोळ्यांत अशा जागी पाणी यायचं. मी म्हणायचे, भल्याबिल्यासाठी काही नाही, ह्याला प्रश्न नको असतात.

बंगळूरला मला सॉफ्टवेअर तपासण्याचं काम मिळालं. म्हणजे संशय घेण्यालाच कंपनी पगार देते. दुसऱ्यानं केलेलं काम घ्यायचं आणि हे कुठं मोडेल ते शोधत बसायचं. पण नोकरीबाहेरही त्या शहरानं मला तेच शिकवलं. ऑफिसात विचारायचे, कर्नाटकातलीच ना तू, मग तुझं कन्नड असं कसं? ट्रेनिंगला पुण्याला गेले तर तिथल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "मराठी छान बोलता हो तुम्ही." आपल्या सीमाभागातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला हे कौतुक ऐकावं लागलं असेल. दोन्हीकडचे आपल्याला पाहुणेच समजतात. घरी फोनवर मी म्हणायचे, सगळं झकास आहे. तिकडून आई म्हणायची, "हितंबी समदं बरं हाय."

शपथ मात्र आम्ही पाळली. नवा भाग आला की मी मॉलमध्ये आणि प्रज्ञा निपाणीत. पहिल्याच वेळी गंमत झाली. सिनेमा संपला, पडद्यावर नावं यायला लागली, मी सवयीनं उठले तर बाकी कुणीच उठेना. मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. दारं बाहेरून लावली की काय? मी पर्स पोटाशी धरून परत बसले. बऱ्याच वेळानं, नावं संपल्यावर, सिनेमाचा आणखी एक तुकडा दाखवला. मेलेला माणूस कसा जिवंत झाला ते त्या तुकड्यात होतं. बाजूच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, हे प्रत्येक भागात असतं.

आमच्या निपाणीत नावं सुरू झाली की दिवे लागायचे, दारं उघडायची, पडदा काळा व्हायचा. गावाकडं जाणाऱ्यांची एसटी असायची, लोक धडाधड उठायचे. इतकी वर्षं आम्ही निम्मी गोष्ट न बघता मालिकेला खोटारडी म्हणत होतो! प्रज्ञानं थिएटरवाल्याला जाऊन जाब विचारला. तो म्हणाला, "मानसं उठून जात्यात, मग खुर्च्यास्नी दाखवू व्हय?" त्यात काही बदल झाला नाही. मग आमचा रिवाजच पडला. सिनेमा दोघींनी बघायचा आणि शेवटचा तुकडा मी फोनवर सांगायचा. मी आवाज बदलून सांगायचे, मध्ये थांबायचे, तिला तंगवायचे. त्या दहा मिनिटांत मी निपाणीत असायचे.

गेल्या वर्षी एक भाग आला. मी बाहेर पडून फोन लावला. प्रज्ञाला शाळेत शिकवायला लागून तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती घाईत होती. मी म्हटलं, "ऐक, शेवटी काय होतं..." ती म्हणाली, "व्हय गं, ती आगवाली बर्फातनं उठून येती. आता ठेवू का?"

मी जिन्यावरच थांबले. निपाणीत जे दाखवतच नाहीत ते हिला कसं कळलं? विचारलं तर म्हणाली, "मोबाईलवर वाचलं." तेही शक्य होतं. पण मी तपासणारी बाई. सिनेमाची सगळी गोष्ट मोबाईलवर लिहिलेली असते, अगदी कोण कुठं मरतो तेसुद्धा. एक गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही. मी सहज विचारल्यासारखं केलं, "इंटरव्हल कुठं झाला गं?"

"आठवत न्हाय," ती म्हणाली. आजच बघितलेला सिनेमा आणि इंटरव्हल आठवत नाही! आमच्या घरात इंटरव्हल म्हणजे वर्षाकाठचा एक वडापाव, तो विसरायची गोष्टच नव्हे. मग मी आधीचे भाग उकरले. त्यांच्याबद्दलही तिनं काय काय सांगितलं होतं ते आठवलं, आणि सगळं छापील वाटायला लागलं.

आता कबूल करायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की कुणीतरी मुलगा आहे. सिनेमाचं नाव सांगून ही कुणाबरोबर तरी फिरते. मला न सांगता! मुलगा असल्याचा राग नव्हता, न सांगितल्याचा होता. आठवडाभर मी तिला आडून आडून विचारलं, तिनं ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी कुणाला न कळवता शुक्रवारी गाडीत बसले आणि शनिवारी सकाळी निपाणीत उतरले.

दाराला कुलूप. शेजारच्या शांतामावशी धुणं वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "अगं, त्या दोघी बेळगावला गेल्यात की, दवाखान्यात. दर म्हयन्याला जात्यात. आईच्या छातीचं." माझ्याकडं बघून त्या थांबल्या. "तुला ठावं न्हाय व्हय?"

मी पायरीवर बसून राहिले. मावशींनी चहा आणून दिला, तो तसाच निवला. शेजारणीला ठाऊक, समोरच्या दुकानदाराला ठाऊक असणार, आणि मी दर रविवारी फोनवर विचारत होते, "आई, बरी हाईस न्हवं?" मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. ह्या घरात मी आता कोण, असा प्रश्न पडला. ज्यांना फक्त चांगलं सांगतात ते पाहुणे. पाहुणे तर मी बंगळूरला होते, पुण्यालाही होते. इथंही तेच असेल तर मग मी कुठली?

दुपारी रिक्षा थांबली. आई उतरली ती प्रज्ञाच्या खांद्याला धरून. चार पावलं चालून थांबली, तोंडानं श्वास घेतला, मग मला बघितलं. आणि ती बाई तिथंही खोटं बोलली. "आलीस व्हय! सुट्टी हाय का? अगं, प्रज्ञाच्या पोटात दुखत हुतं म्हनून गेल्तो." प्रज्ञाच्या काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. त्यावर कन्नडमध्ये आईचं नाव होतं. मी ते मोठ्यानं वाचलं.

आत गेल्यावर प्रज्ञा म्हणाली, "आईनं शपथ घातलती गं आक्का. मी काय करू?" वखारीतली धूळ इतकी वर्षं छातीत बसली होती. डॉक्टर म्हणाले होते, बरं व्हायचं नाही, पण सांभाळलं तर चालेल. दीड वर्षापासून आईला दम लागत होता. शाळेच्या वेळात शांतामावशी लक्ष ठेवायच्या, पण सिनेमासाठी आणखी तीन तास एकटं ठेवायचं नाही, म्हणून प्रज्ञानं सिनेमा सोडला होता. प्रत्येक भाग ती मोबाईलवर वाचून पाठ करायची, कारण तो बघितला नाही म्हटलं असतं तर मी कारण विचारलं असतं.

मी भांडले. इतकी की मावशींनी दार ढकलून बघितलं. आई कॉटवर बसून शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सांगून तू काय करनार हुतीस? नोकरी टाकून आली असतीस. त्येच्यासाठी चाळन धरली व्हय मी?"

"माझ्या भल्यासाठी लपवलंस म्हण की."

"मग? दुसऱ्या कशासाठी?"

पडद्यावरच्या हिरोला मी इतकी वर्षं खोटारडा म्हणत आले होते. तो माझ्यासमोर कॉटवर बसला होता, पायात रबरी चप्पल घालून. आणि तिला खोटारडी म्हणायला माझं तोंड उघडेना, कारण माझ्या पोटात तेच होतं. बंगळूरला पहिली खोली घेताना मालकानं आडनाव विचारलं, मग भिंतीवर कुठले देव लावणार ते विचारलं. मी बुद्धाची तसबीर म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती खोली त्याच्या भाच्याला लागली. पुढच्या दोन घरांतही भाचे निघाले. महिनाभर मी मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपले आणि आईला फोनवर म्हणाले, खोली झकास आहे, खिडकीतून झाडं दिसतात.

हे सगळं मी त्या दुपारी आईला सांगितलं. आई ऐकत राहिली. मध्ये तिला ढास लागली, प्रज्ञानं पाणी दिलं, ते पिऊन ती म्हणाली, "आनि ह्ये तू मला आता सांगतीयास?" ती चिडली होती. माझ्यावर, त्या घरमालकांवर, बहुतेक स्वतःवरही. संध्याकाळी भाकरी थापायला बसली आणि प्रज्ञानं परात काढून घेतली, तेव्हा तिला म्हणाली, "हिला त्या सगळ्या चिठ्ठ्या दाखीव. गोळ्या कुठल्या, ते पन सांग." प्रज्ञानं पत्र्याच्या डब्यातून सगळे कागद काढले. आम्ही ते जमिनीवर तारखेप्रमाणे लावले.

मी नोकरी सोडली नाही. गावी राहिलेल्यांना हे वाचून वाटेल की बघा, शेवटी गेलीच. बरोबर आहे, गेले. आणि माझ्यासारखे जे बाहेर आहेत, त्यांना एकच सांगते, घरून "समदं बरं हाय" आलं की त्यावर विश्वास ठेवू नका. इंटरव्हल विचारा. पण त्याआधी तुमचं तुम्ही खरं सांगा, नाहीतर विचारायला तोंड राहत नाही. मालिकेचे नवे भाग अजून येतायत, मी अजून त्यात खोट काढते. प्रज्ञा बघत नाही आणि बघितला असंही म्हणत नाही. शनिवारी दवाखान्यात जायची पाळी आता महिन्याआड माझी असते.

परवा ऑफिसात मीटिंग चालू असताना आईचा फोन आला. ती ह्या वेळी कधी करत नाही. बाहेर येऊन उचलला.

"सकाळधरनं लई दम लागलाय," आई म्हणाली. एकेक शब्दाला थांबत होती. "प्रज्ञा शाळेत हाय. पंपातनं औषध वडलंय. आता जरा बरं वाटतंय. तू येऊ नगंस. निस्तं सांगायला फोन क्येला."

"मावशींना बोलावलंस का?"

"न्हाय अजून. पयलं तुला सांगितलं."

मी बराच वेळ व्हरांड्यात फोन कानाला लावून उभी होते आणि तिचा श्वास ऐकत होते. भीती वाटत होती. आणि कित्येक वर्षांनी, बंगळूरच्या त्या चौथ्या मजल्यावर, मी घरी होते.