डिकीत नसलेला काळा कोट

आमच्या सरांना एका जागी बसताच येत नाही, हे आधी सांगून ठेवते. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसच्या क्वार्टरमध्ये वाढले, लुनावरून कोर्टात यायचे, गावोगावच्या लोकांच्या केसेस लढल्या आणि मग त्याच लोकांनी निवडणुकीला उभं केलं, झाले आमदार! मी त्यांची ज्युनिअर. काम काय, तर फाईल उचलायची आणि सरांना उशीर झाला की उभं राहून म्हणायचं, "सर वाटेत आहेत, पासओव्हर मिळावा." म्हणजे आमचं प्रकरण थोडं मागे ठेवा. तीन वर्षं कोर्टात मी हे एकच वाक्य बोललेय. खरंच!

आमदार झाल्यावर सरांनी सगळ्या केसेस सोडल्या, हरसूलच्या मावशींची सोडून. मावशींच्या शेताकडे जायची एकच वाट, तीही शेजाऱ्याने भिंत घालून बंद करायला घेतलेली. खालच्या कोर्टाने भिंत थांबवली नाही, म्हणून आम्ही जिल्हा कोर्टात अपिलात. सरांनी शब्द दिलेला, "मावशी, तुमच्यासाठी मीच उभा राहणार."

तर शेवटच्या युक्तिवादाचा दिवस. आणि सर सकाळीच चांदवडला, कांद्याच्या बैठकीला! पहिला पुकारा झाला, मी पासओव्हर मागितला. पळत बाहेर, फोन.

"सर, कुठे आहात?"

"निघालोच गं, गाडीला लोक आडवे आलेत. दोन मिनिटं!"

आमदाराची दोन मिनिटं म्हणजे किती, हे मला आता कळायला लागलंय. मावशी बाकावर बसून माझ्याकडे बघत होत्या. "भिंत छातीपर्यंत आली, पोरी. आज नाय थांबली तर गाय कुठून नेऊ?"

दुसरा पुकारा. जज म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीनंतर युक्तिवाद झाला नाही तर अपील काढून टाकीन." गेट ते जिना, जिना ते गेट. चहावाला ओरडला, "ताई, चपला झिजतील!"

तिसरा पुकारा झाला आणि सर आले! कपाळावर गंध, खांद्यावर झेंडूच्या पाकळ्या, मागे चार कार्यकर्ते. थेट पुढे जाऊन सुरूच, "विनंती अशी आहे की..."

जजनी चष्मा काढला. "आपण कोण म्हणून उभे आहात?"

"अपीलकर्त्यांचा वकील."

"कोट?"

सरांनी स्वतःकडे पाहिलं. पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा! कोट नेहमी गाडीच्या डिकीत असतो. पण सत्काराच्या शाली आणि नारळ ठेवायला कुणीतरी तो सकाळीच काढून टाकला होता. माझा गळ्याचा बँड चुरगळलेला दिसला म्हणून ज्यांनी मला एकदा कोर्टाच्या दारातून परत पाठवलेलं, ते हे सर!

"कोट नसेल तर मागे बसा," जज म्हणाले.

मी सवयीने उठले, "पास..." आणि शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मावशींचं कोपर बसलं बरगडीत.

"गप! तूच बोल ना. सगळा कागद तर तूच लिवला."

बोलले. नकाशा काढला, त्यात ती वाट स्पष्ट दाखवलेली होती, तीच धरून बोलत सुटले. मागून हातात चिठ्ठ्या येत होत्या. 'पान बेचाळीस.' 'हळू!' 'श्वास घे.' इतकी वर्षं मी सरांना चिठ्ठ्या द्यायचे, आज सर मला देत होते.

जजनी तिथेच हुकूम सांगितला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत भिंतीवर वीटही चढवायची नाही, वाट मोकळी ठेवायची.

बाहेर सर येरझाऱ्या घालत होते. फोन वाजतोय, उचलत नाहीत. "मी आलो होतो ना, मावशी?"

"आला रे बाबा. पण नवरदेवासारखा!"

आम्ही दोघी हसलो. सर नाही हसले. मग माझ्याकडून कोरं वकीलपत्र मागून घेतलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि म्हणाले, "यावर तुझं नाव घाल. पुढे केस तूच चालव. माझी हरकत नाही, अशी सही करतो." खिसा चाचपला. पेनही कोटातच राहिलेलं. मी माझं दिलं.

सही करताना सरांचा हात जरा रेंगाळला. मावशींनी अंगठा मात्र पटकन उठवला आणि मला म्हणाल्या, "पुढच्या तारखेला लवकर ये. आणि ते पास-बिस काय मागू नको."