बंदीत गेलेली जागा

माझा मोठा भाऊ अजूनही धरणावर जाळं टाकतो. आम्ही भोई, मी शिकलो, सरकारी नोकरीला लागलो आणि शहरात, गारखेड्यात राहायला आलो. भावाची बायको, माझी वहिनी, सकाळच्या एसटीनं मासळी आणून शहरातच, उस्मानपुऱ्यात रस्त्याकडेला बसायची. तिथल्या जागा कुणाच्या नावावर नसतात. जी बसते तिची. आजारपण आलं, लग्नकार्य निघालं, तर मासे कापायचा लाकडी ठोकळा तिथंच ठेवून जायचं. ठोकळ्याला कुणी हात लावत नाही. पण हा मान चार-आठ दिवसांचा.

त्या वर्षी धरणावरची पावसाळी बंदी कडक झाली. माशांची वीण असते, म्हणून दोन महिने जाळं पाण्यात घालायचं नाही. भाऊ म्हणाला, "मंग बायकोची जागा कोण राखंल? बाकीचे चोरून जातेत, मी बी जातो."

"दादा, जाळं जप्त झालं म्हणजे? सरकारी नोकराचा भाऊ आहेस तू," मी दटावलं.

"व्हय, साहेब," तो म्हणाला आणि त्यानं जाळं गुंडाळून ठेवलं.

बंदी पाळली ती फक्त आमच्या घरानं आणि आमच्यासारख्या भित्र्यांनी. बाजार एक दिवस बंद नव्हता. बाहेरून बर्फातली मासळी ट्रकनं येत होती, तिला कसलीच बंदी नाही. महिनाभरात एका ट्रकवाल्यानं वहिनीचा ठोकळा उचलून नालीपलीकडं ठेवला आणि तिच्या जागी बर्फाची पेटी मांडली.

बंदी उठल्यावर वहिनी टोपलं घेऊन आली आणि नालीपलीकडंच बसली. मी जाऊन त्या पेटीवाल्यावर तुटून पडलो. तो हसला. "साहेब, आम्ही धरणात पाय तरी घातला का? कायद्यातच बसलोय."

तो संताप आजही उतरत नाही. मासळीला अंडी घालायला किती दिवस लागतात हे बंदी घालणाऱ्यांना कळतं. बाईला बाजारात जागा मिळवायला किती वर्षं लागतात हे कुणी विचारलं? भावाला उपदेश करताना मी तरी कुठं विचारलं होतं?

वहिनी माझ्यावरच डाफरली, "भावजी, वरडू नका. गिऱ्हाईक बिचकतंय. लई राग आला आसंल तर घ्या की दोन किलो."

मी घेतली. तिच्यासमोर माझ्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच.